चामड्यावर शेवटचा हात कशाचा? तेल, मेण, अ‍ॅक्रिलिक की लॅकर

चामड्याचं काम नवीन शिकणाऱ्याला कापणं, भोकं पाडणं, शिवणं कसंबसं जमून जातं. कुणाजवळ बसून, व्हिडिओ बघून हात बसतो. गाडी अडते ती शेवटी. पाकीट शिवून झालं, रंग झाला, आता वरून काय लावायचं? दुकानदार एक बाटली पुढे करतो, व्हिडिओतला परदेशी कारागीर भलतंच काही वापरत असतो, आणि शेजारचे काका म्हणतात, "एरंडेल चोळ, बास." तिघांचंही बरोबर असू शकतं, पण तिघं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. नवशिक्याला ते कुणी सांगत नाही.

मी सांगलीत काम करते. बाजार, हवा, पाऊस, उदाहरणं सगळी इथलीच येतील. साताऱ्यातल्या मंडळींनाही फारसं वेगळं पडणार नाही. पावसाचा फरक आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: शेवटचा हात कशाचा द्यायचा हे कातडं कापायच्या आधी ठरवा. रंग पाण्यातला घ्यायचा की स्पिरिटमधला, तेल किती पाजायचं, कडा घोटायच्या की रंगवायच्या, गोंद कुठे लागणार, हे सगळं त्या एका निर्णयावरून ठरतं. शेवटी विचार केला तर हातात एकच पर्याय उरलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

१. वस्तूला काय सोसायचंय ते कागदावर लिहा

चार गोष्टी विचारा. पाणी किती लागणार? घासणार किती? वाकणार किती? आणि घाम लागणार का? बस, एवढंच. "चकाकी हवी की नको" हा प्रश्न पाचवा. नवशिके नेमका तोच पहिला विचारतात.

पाकिटाचं बघा. पाणी कमी, पण घाम भरपूर, खिशात दिवसभर घासणं, आणि एकाच घडीवर रोज वाकणं. कमरेचा पट्टा बकलापाशी आणि भोकांपाशी वाकतो, बाकी ठिकाणी फक्त घासतो. शिवाय फिकट कपड्याला रंग लागला तर गिऱ्हाईक परत येतं. ऊसतोडीच्या कोयत्याचं म्यान अजिबात वाकत नाही, पण ओल्या पात्याशी त्याची रोजची गाठ. बेंदराला बैलाच्या गळ्यात घालायचा पट्टा आषाढातल्या पावसात भिजणार, घामाने खारवणार आणि जनावराच्या कातडीला घासणार. या चारही वस्तूंना एकच बाटली चालेल असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

२. हातातलं चामडं कोणतं ते ओळखा

आपल्या भागात शिकणाऱ्याच्या हाती बहुधा आधी येतं ते कोल्हापुरी चपलेचं चामडं: बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं किंवा बैलाचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर असे चार जिल्हे आहेत, आणि कर्नाटकातलेही चार. म्हणजे हे चामडं आपल्या घरचंच. साल-हिरड्याचं चामडं तेल पितं, मेण पितं, उन्हाने गडद होतं, आणि घोटलं की कडा काचेसारखी होते.

दुसरं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं. पिशव्या, जॅकेट, बाजारातल्या बहुतेक पर्स याच्याच. मऊ असतं, पाण्याला तुलनेने घाबरत नाही, पण त्याच्या कडा घोटून बसत नाहीत. तिसरं म्हणजे कारखान्यातूनच वर थर देऊन आलेलं, ज्याला दुकानात 'फिनिश्ड' म्हणतात. त्यावर तुम्ही काहीही लावलं तरी ते आत जात नाही. वर चिकट साय धरते आणि धूळ खेचते. अशा मालाला क्रीम पॉलिशचा हलका हात पुरे.

ओळखायच्या तीन खुणा:

कड बघा. साल-हिरड्याचं चामडं आरपार तपकिरी दिसतं. क्रोमचं वरून कोणत्याही रंगाचं असलं तरी मधोमध बऱ्याचदा निळसर-राखाडी रेघ दिसते.

पाण्याचा एक थेंब टाका आणि मान खाली घालून नीट बघा. थर नसलेल्या चामड्यावर थेंब आधी क्षणभर घुमटासारखा उभा राहतो, मग त्याच्या बुडाशी गडद कडं उमटतं, ते पसरतं, आणि घुमट हळूहळू आत ओढला जातो. थर दिलेल्या चामड्यावर तो तसाच बसून राहतो. बोटाने पुसला की खाली काही खूण नसते.

तरीही शंका असेल तर बोटाएवढी पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. साल-हिरड्याचं चामडं आक्रसतं, वळतं, कडक होतं. क्रोमचं जवळजवळ होतं तसंच बाहेर येतं. काही जण पट्टी जाळून राखेचा रंग बघतात. ते घरात करू नका. क्रोमच्या चामड्याचा धूर अंगाला चांगला नाही, आणि उकळत्या पाण्याने तेच उत्तर मिळतं.

३. काय काय मिळतं, आणि कुणाला काय साजतं

तेल. हे आच्छादन नव्हे, चामड्याचा आहार आहे. तेलाने चामडं लवचिक राहतं, तडकत नाही. पाणी मात्र अडत नाही, फक्त जरा उशिरा शिरतं. आपल्याकडे एरंडेल जुन्या काळापासून चालत आलंय आणि ते योग्यच आहे: घट्ट असतं, सुकून कडक होत नाही, लवकर खवट होत नाही. फक्त थोडं कोमट करून लावा, नाहीतर वरवर चिकट राहतं. परदेशी व्हिडिओत दिसणारं नीट्सफूट ऑइल जनावराच्या पायाच्या हाडांपासून काढतात. उत्तम असतं, फिकट चामड्याला मधासारखा रंग आणतं, पण ऑनलाइन मागवावं लागतं आणि महाग पडतं.

स्वयंपाकघरातलं तेल उचलायचा मोह टाळा. शेंगदाण्याचं तेल आपल्या भागात घरोघरी, पण काही महिन्यांत त्याला खवट वास मारतो आणि तो जात नाही. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे हिवाळ्यात चामड्यावर पांढुरकं उठतं. जवसाचं तेल सुकून कडक होतं, म्हणून वाकणाऱ्या वस्तूला नको. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. कधी वापरलंच तर चिंध्या पाण्यात बुडवून किंवा मोकळ्या पसरून वाळवून मगच टाका.

मेण. साल-हिरड्याच्या चामड्याला माझी पहिली पसंती मेणाला. हाताला ऊबदार लागतं, घासल्याचे ओरखडे बोटाने चोळले की मिटतात, आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लावता येतं. पाण्याचे थेंब अडवतं. धो धो पावसात मात्र टिकत नाही. मधमाशीचं मेण मिळायला आपल्याला लांब जायला नको. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, आणि त्या डोंगरपट्ट्यात मधपाळ बरेच आहेत. मेण घेताना वास घ्या, मधाचा गोड वास आला पाहिजे. हातात धरून दाबा. चांगलं मेण उबेने मऊ होतं, पॅराफिन मिसळलेलं भुगा होऊन तुटतं आणि बोटाला निसरडं लागतं.

मलम घरी होतं: वजनाने एक भाग मेण, तीन भाग एरंडेल किंवा नीट्सफूट. घट्ट हवं असेल तर दोन भाग तेल. भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं छोटं भांडं, मंद आच. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे वेळ लागत नाही. हाच आकडा एक धोकाही सांगतो: मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज पोचतो. तिथे ठेवायची वस्तू असेल तर मलमात थोडं कार्नौबा मेण घाला. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं असतं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं. जास्त घातलं तर मलम ठिसूळ होतं, चिमूटभरच ठेवा.

अ‍ॅक्रिलिक. पाण्यात मिसळणारं दुधाळ द्रव, वाळलं की पारदर्शक पातळ पापुद्रा. रंग सुटू नये, घाम-पाणी आत जाऊ नये, हे काम याच्याइतकं सोप्या रीतीने दुसरं कुणी करत नाही. फीबिंग्ज कंपनीचं रेझोलीन याच जातीतलं, आणि भारतीय बाटल्याही मिळतात. कमरेचे पट्टे, पाकिटं, घड्याळाचे पट्टे यांना हे चांगलं. दोष असा की जाड लावलं तर प्लॅस्टिक दिसतं आणि घडीवर पांढऱ्या रेघा उमटतात. पातळ करूनच लावायचं.

लॅकर. थिनरमधलं, झटपट वाळणारं, पाण्याला सगळ्यांत चिवट. चामड्यासाठी बनवलेल्या लॅकरमध्ये वाकण्यासाठी वेगळी द्रव्यं घातलेली असतात. इथेच नवशिके सर्रास फसतात: हार्डवेअरच्या दुकानात लॅकर मागितलं की दुकानदार फर्निचरचं देतो, कारण त्याच्याकडे तेच असतं. लाकूड वाकत नाही, म्हणून ते लॅकर कडक असतं. मेलामाइन आणि लाकडाचं पीयू (पॉलियुरेथेन) ही फर्निचरची पॉलिशं, त्यांचंही तेच. चामड्यावर पहिल्या आठवड्यात सुंदर दिसतं, नंतर घडीवर खपल्या निघतात. डब्यावर चामड्याचं नाव नसेल तर घेऊ नका. शिवाय लॅकर आणि थिनर भडका घेतात. गॅस, देवघरातला दिवा, बिडी-सिगारेट सगळं लांब, खिडक्या उघड्या.

लाख. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतार-तंबोऱ्याच्या भोपळ्यावर कापसाच्या बोळ्याने असं पॉलिश चढवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ती झळाळी बघून चामड्यावरही हेच लावावं असं कुणालाही वाटेल. पण सतार वाकत नाही, पाकीट वाकतं. लाख चामड्यावर फक्त तिथे, जिथे ते लाकडासारखं ताठ राहणार आहे: पेटीवर मढवलेलं चामडं, ताठ म्यान, फ्रेम. आणि स्पिरिटमधला रंग दिलेल्या चामड्यावर लाख घासली तर खालचा रंग उचलून येतो, हे विसरू नका.

आता पहिल्या परिच्छेदातल्या काकांकडे परत येऊ. त्यांचं एरंडेल चपलेच्या वादीला आणि बैलाच्या पट्ट्याला अगदी बरोबर आहे. जनावराच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूला मी तेल आणि मेणापलीकडे काही लावत नाही. पापुद्रा निघाला तर तो कातडीला टोचतो. फक्त पांढऱ्या पँटवर घालायच्या काळ्या पट्ट्याला नुसतं एरंडेल चालणार नाही, तिथे अ‍ॅक्रिलिकच.

म्यानाबद्दल जरा सविस्तर. साल-हिरड्याचं चामडं, तेलाचा अगदी हलका हात, मग आतून-बाहेरून गरम मेण पाजायचं. चामडं हेअर ड्रायरने कोमट करा, वितळलेलं मेण ब्रशने लावा, पुन्हा ड्रायर फिरवा, मेण आत शिरताना दिसेल. म्यान कडक आणि ओलाव्याला चिवट होतं. तरी कोयता कायमचा त्यात ठेवू नये; चामड्यातलं आम्ल आणि ओल मिळून पात्याला गंज चढवतात.

४. जवळ काय असावं

सुरुवातीला फार काही लागत नाही. एरंडेलाची छोटी बाटली आणि कतीरा गोंद किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. सांगलीत गणपती पेठेत एका फेरीत काम होतं. मेण, अ‍ॅक्रिलिकची एक बाटली, बारीक छिद्रांचा स्पंज, धुऊन मऊ झालेले जुने बनियन, घोड्याच्या केसांचा बुटाचा ब्रश, २२०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर, कडा घोटायला लाकडी दांडी, काचेच्या किंवा स्टीलच्या वाट्या, हातमोजे. चामडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी तुमच्याकडे असेलच.

लोखंडी वाटी, गंजलेली बादली आणि तारेची घासणी कामाच्या टेबलापासून लांब ठेवा. सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा डाग पडतो, जुन्या काळी शाई याच रीतीने करत. डाग पडलाच तर लगेच लिंबाचा रस कापसाने टिपून लावा, मग साध्या पाण्याने पुसा. ताजा डाग बराच निघतो.

आणि सगळ्यांत मोलाचं साहित्य म्हणजे त्याच कातड्याचे कापून उरलेले तुकडे. एकही फेकू नका.

५. आधी तुकड्यावर

त्याच चामड्याचा, त्याच रंगाचा तुकडा घ्या. "त्याच" वर जोर देते, कारण एकाच कातड्याचा पोटाकडचा भाग पाठीपेक्षा कितीतरी जास्त तेल पितो. तुकड्याचे भाग पाडून एकावर तेल, एकावर मेण, एकावर अ‍ॅक्रिलिकचा एक हात, एकावर दोन हात, असं करा. मागे बॉलपेनने काय लावलं, किती पातळ केलं, ते लिहा.

एक दिवस पूर्ण वाळू द्या आणि मग छळा. घडी घालून चिमटीत दाबा: पांढरी रेघ आली की थर जाड झाला. ओल्या पांढऱ्या कपड्याने दहा वेळा जोर लावून घासा: कपड्यावर रंग आला तर पट्ट्याला तो थर अपुरा आहे. पाण्याचा थेंब पाच मिनिटं ठेवून पुसा: डाग राहिला का बघा. नखाने कोपरा खरवडा: पापुद्रा सोलून आला तर खाली तेल किंवा मेण जास्त झालेलं आहे. जो भाग चारही कसोट्यांत उतरला, तोच तुमच्या वस्तूवर जाईल.

६. क्रम

इथे घाई सगळ्यांत महाग पडते. साल-हिरड्याच्या चामड्याचा माझा क्रम असा:

१) कापणं, कोरीवकाम, आणि ओलं करून आकार दिला असेल तर पूर्ण वाळवणं.
२) जिथे गोंद लागणार आणि शिवण येणार ती जागा मास्किंग टेपने झाकणं. तेल, मेण किंवा अ‍ॅक्रिलिक लागलेल्या जागी गोंद धरत नाही. टेप लावायला विसरलात तर ती पट्टी पॉलिश पेपरने खरवडून काढा.
३) रंग, आणि तो निदान रात्रभर वाळू देणं.
४) कोरड्या कपड्याने चोळणं, कपड्यावर रंग यायचा जवळजवळ थांबेपर्यंत. रंग सुटतो अशी तक्रार येते तिथे बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते. वर कितीही थर द्या, खालची सुटी पूड थराबरोबर उचलून येणारच.
५) तेलाचा एक पातळ हात, आणि चोवीस तास मुरवणं. तेल शिरताना चामडं ठिपक्या-ठिपक्यांनी गडद होतं, दुसऱ्या दिवशी एकसारखं होतं. ठिपके दिसले म्हणून पुन्हा तेल ओतू नका.
६) मग मेण किंवा अ‍ॅक्रिलिक. दोन्ही हवं असेल तर आधी अ‍ॅक्रिलिक, ते पक्कं वाळल्यावर मेण. मेणावर अ‍ॅक्रिलिक कधीच धरत नाही.
७) जोडणं, शिवणं, आणि सगळ्यांत शेवटी कडा.

रंग आणि थर यांची जोडी जुळवताना एक नियम पाठ करा: रंग ज्या द्रवात विरघळतो, त्या द्रवातला थर त्यावर घासायचा नाही. पाण्यातल्या रंगावर अ‍ॅक्रिलिक लावायचंच असेल तर पहिला हात घासून न देता स्पंजने थापून किंवा फवाऱ्याने द्या. तो वाळला की पुढचे हात नेहमीसारखे.

७. अ‍ॅक्रिलिकचा हात कसा द्यायचा

जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे सावकाश सांगते.

वाटीत एक भाग अ‍ॅक्रिलिक, एक भाग पाणी. बाटली हलवू नका, फेस होतो, चमच्याने ढवळा. स्पंज आधी पाण्यात भिजवून घट्ट पिळा, मग द्रवात बुडवा आणि वाटीच्या काठाला टेकवून निथळू द्या. आता वस्तूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने, न थांबता ओढा. चामडं ओलं दिसेल, दुधाळ दिसणार नाही. पांढरं दिसलं तर जास्त झालं, लगेच कोरड्या बाजूने उचला.

ओढून झालेल्या जागेवर परत जाऊ नका. काही सेकंदांत वरचा थर चिकट होऊ लागतो, आणि त्यावर स्पंज फिरला की रेघा आणि बारीक फोड उठतात. एखादी जागा सुटली तर सुटू द्या, दुसऱ्या हातात भरून निघेल. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा हात, पहिल्याच्या आडव्या दिशेने. बहुतेक वस्तूंना दोन पुरतात. पट्ट्याला मी तिसरा देते. त्याहून जास्त देऊ नये.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पंख्याखाली किंवा उन्हाच्या झळेत हे करू नका, स्पंज दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळतं. सकाळी लवकर बसा. वाळल्यावर घोड्याच्या केसांच्या ब्रशने हलके झटके मारले की प्लॅस्टिकची चमक जाऊन चामड्याची झाक येते. दोन दिवस वस्तू वाकवू नका.

८. कडा

कड नीट नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते; वस्तू हातात घेणारा माणूस नकळत बोट कडेवरच फिरवतो.

साल-हिरड्याचं चामडं असेल तर कड २२० ने सपाट करा, मग ४००, मग ६००. बोटाने थोडं पाणी किंवा कतीरा गोंदाची पातळ लापशी लावा. गोंद रात्रभर पाण्यात भिजवला की फुगून जेलीसारखा होतो, तो कपड्यातून गाळून घ्यायचा. आपल्याकडची चिंचोक्याची खळही चालते, फक्त ती दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. मग लाकडी दांडीने झपझप घासायचं. आधी कड मऊ आणि केसाळ लागते, मग दांडीचा आवाज बदलतो, खरखर जाऊन किंचित चरचर येऊ लागते, आणि दोन तुकड्यांमधली सांध्याची रेघ दिसेनाशी होते. तिथे थांबा. वर मेणाचा एक हात, आणि कापडाने चोळा.

क्रोमच्या चामड्यावर हे कष्ट घेऊ नका. तिथे कडेचा रंग: सुईच्या किंवा आरीच्या टोकाने पातळ थर, वाळला की ६०० ने हलकं घासणं, पुन्हा थर. साधारण तीन वेळा.

पातळ केलेला फेविकॉल कडेला लावायची युक्ती बरेच जण सांगतात. दिसते छान, पण पाणी लागलं की मऊ पडून पांढरी होते. पावसाळा असलेल्या भागात ती नकोच.

९. पावसाळा

साताऱ्यात एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळा वेगळा आणि जत-आटपाडी वेगळी. त्यामुळे बाटलीवर लिहिलेली वाळायची वेळ आपल्या गावच्या हवेशी ताडून बघा. जुलैमध्ये अ‍ॅक्रिलिकच्या दोन हातांमध्ये दुप्पट वेळ ठेवा, शक्य तर दुपारी उघडीप असताना काम करा.

लॅकर पावसाळ्यात टाळलेलंच बरं. थिनर झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर धुरकट पांढरा होतो. कितीही पुसलं तरी तो आतच असतो.

वस्तूवर पांढरं उठलं तर घाबरण्याआधी ते काय आहे ते बघा. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. विरघळून नाहीसं झालं तर ते आतलं मेण किंवा चरबी वर आलेली आहे. कापडाने चोळा, काम संपलं. नाहीसं झालं नाही, केसाळ दिसतंय, कुबट वास येतोय, तर ती बुरशी. अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने पुसा. आधी कोपऱ्यात लावून बघा, रंग उचलू शकतो. मग सावलीत वाळवा आणि तेलाचा हलका हात द्या. भिजलेलं चामडं कधीच उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. आक्रसून कडक होतं, आणि मग तेलानेही पूर्ववत येत नाही.

तयार माल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात गुंडाळा, भिंतीला न टेकवता ठेवा.

१०. देताना सोबत काय सांगायचं

वस्तू विकत असाल किंवा कुणाला भेट देत असाल, तर एका चिठ्ठीवर काय लावलंय ते लिहून द्या. तेल-मेणाच्या वस्तूला: "पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा मेणाचं मलम बोटाने चोळा, अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने पुसा." अ‍ॅक्रिलिकच्या वस्तूला: "ओलसर कपड्याने पुसा, वरून तेल लावू नका, ते आत जात नाही." चपलेला: "भिजली तर आत वर्तमानपत्राचा बोळा घालून सावलीत ठेवा, पूर्ण वाळल्यावरच तेल."

वाटीत उरलेलं पातळ अ‍ॅक्रिलिक मूळ बाटलीत परत ओतू नका. त्यात रंगाचे कण आणि केस गेलेले असतात. ते वेगळ्या बाटलीत भरा, वर तारीख आणि प्रमाण लिहा, आणि पुढच्या वेळी तुकड्यांच्या चाचणीला वापरा.